खिडकी कुणाची? अकरा सहली आणि एक बिलंदर आजी

एक वर्ष. अकरा सहली. कधी घरचे सात, कधी कट्ट्यावरचे पाच, कधी सगळ्यांची मिसळ. आणि खिडकीच्या जागा? कायम कमीच! भांडण ठरलेलं.

म्हणून जानेवारीत आमच्या सातवीतल्या भाचीनं कायदाच केला. ज्याला खिडकी हवी, त्यानं 'माहीत आहे का?' असं म्हणून सगळ्यांच्या तोंडून 'आँ?' निघेल अशी एक गोष्ट सांगायची. खरी निघाली तर एक गुण आणि खिडकी. फेकाफेकी निघाली तर पुढच्या टपरीवर सगळ्यांचा चहा. निकाल भाचीचा, पुरावा मोबाइलचा, अपील नाही. शंभरपानी वहीवर तिनं स्केचपेननं नाव टाकलं, 'खिडकी लीग'.

तर घ्या, २०२५चे हायलाइट्स. पट्टा बांधा, गाडी सुटतेय!

सलामी अलिबागला. माहीत आहे का, भाऊच्या धक्क्याचा 'भाऊ' कोण? गाडी रो-रो बोटीत चढते न चढते तोच काकांनी पहिला बॉल टाकला. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य! एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधणारे गृहस्थ. लोक त्यांना भाऊ म्हणायचे. साहेबानं 'फेरी व्हार्फ' अशी पाटी लावली, मुंबईनं मात्र भाऊला सोडलं नाही. काका एक, बाकी शून्य.

आता अलिबागकरांसाठी खास दारूगोळा. कुणी 'अलिबागसे आया है क्या?' असं खिजवलं तर शांतपणे म्हणायचं, 'हो, तुमच्या ट्रामला कंटाळून गेलो होतो!' माहीत आहे का? पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायची. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा खेळ सुरू झाला की नाजूक चुंबकसुया बावचळणार! म्हणून हे सगळं बिऱ्हाड खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ पासून तिथं नोंदी चालू आहेत. इमारतीसाठी चुंबकाला दाद न देणारा पोरबंदरी दगड वापरला, लोखंडाला थेट नो एंट्री. भाचीनं विचारलं, "मग तिथं फ्रिजला मॅग्नेट लावत असतील का?" नियमावलीत याचं उत्तर नव्हतं.

फेब्रुवारीत माथेरान. दस्तुरी नाक्यावर गाडीला टाटा, कारण वर मोटारींना बंदी. पुढे पाय, घोडा, ई-रिक्षा नाहीतर आपली मिनी ट्रेन. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट! नेरळहून वळणंवळणं घेत चढणारी ही पिटुकली गाडी १९०७ची. माहीत आहे का, ती सरकारनं बांधलेली नाही? अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ध्यास घेतला आणि वडिलांनी, म्हणजे सर आदमजी पीरभॉय यांनी, खिसा मोकळा केला. सोळा लाख रुपये, तेही त्या काळातले! आमच्याकडे पोरानं सायकल मागितली तरी बाबा तीन दिवस हिशेब करतात.

या मार्गावर बोगदा एकच, आणि तो इतका आखूड की त्याचं नावच पडलं 'वन किस टनेल'. कट्टा गँगनं ही माहिती एकमेकींच्या कानात सांगितली, कारण शेजारी आजी. आजीचं वय ७८, कान अठराचे. ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तेव्हा गाडी याहून हळू होती." डब्यात शांतता. मग हशा. भाचीनं मुकाट्यानं आजीचं खातं उघडलं.

मार्चमध्ये वेळास. पहाटे किनाऱ्यावर सगळे दोरीमागे उकिडवे बसलेले, टोपलीखालून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं बाहेर येतायत आणि लाटेकडे वळवळत निघालीयत. माहीत आहे का, पिल्लू नर होणार की मादी हे कोण ठरवतं? वाळूचं तापमान! वाळू उबदार तर माद्या, गार तर नर. यावर नवरोबा 'गरम डोक्याचं मूळ सापडलं' असं काहीतरी पुटपुटले. मूळ मुद्दा शंभर टक्के खरा असूनही त्यांना चहाचा दंड झाला. बारा कप.

आणि वेळासचं आणखी एक अपत्य म्हणजे नाना फडणवीस! हो, पेशवाईतलं ते बेरकी डोकं मूळचं इथलंच. मी लगेच कोटी केली, 'नाना आणि कासव, दोघंही मान आत घेऊन वाट बघण्यात पटाईत.' टाळ्या मिळणार तेवढ्यात तिथल्या कासवमित्रानं पिन मारली. ताई, समुद्री कासवाला मान आत घेताच येत नाही! ते काम जमिनीवरच्या कासवांचं. पुढचे बारा कप माझ्या नावावर.

मे महिना, पाचगणी. 'हॉटेल बुक केलं का?' या प्रश्नाला इथं वेगळाच अर्थ आहे, कारण शेजारी आहे भिलार. हे महाराष्ट्राचं 'पुस्तकांचं गाव', ४ मे २०१७ला सुरू झालेलं. कल्पना उचलली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. तिथं मुख्यतः पुस्तकांची दुकानं. भिलारला मात्र लोकांच्या घरांतच पुस्तकं मांडलीयत. चपला काढा, आत जा, बसा, वाचा. कुणाच्या ओसरीवर कविता, कुणाच्या माडीवर चरित्रं. आमच्या बाबांनी एका घरात ऐतिहासिक कादंबरी उघडली आणि घरधनीण जेवायला वाढू लागली तरी मिटेनात. बाहेर भिलारची दुसरी ओळख असलेली स्ट्रॉबेरीची शेतं. सीझन संपत आलेला, तरी दोन बॉक्स पैदा केलेच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जीआय टॅग आहे, आमच्या भाऊजींच्या शर्टावर तिचा टॅग राहिला तो वेगळा.

टेबललँडवर घोडेवाला म्हणाला, "आशियातलं दोन नंबरचं पठार!" भाऊजींनी तेच वाक्य 'माहीत आहे का?' लावून स्वतःच्या नावानं खपवलं. भाचीनं भूगोलाचं पुस्तक आठवलं. "पण आपण दख्खनच्या पठारावरच उभे आहोत ना? ते याहून मोठं नाही का?" भाऊजी गप्प. घोडाही गप्प. चहा!

मे संपून जून लागताना भंडारदऱ्याला काजवे. एरवी ट्रेकला डोळ्यांसमोर काजवे चमकतात ते फुकट, इथं गाडी करून गेलो. झाडंच्या झाडं लुकलुकतायत, जणू कुणीतरी दिवाळीच्या माळा काढायला विसरलंय. माहीत आहे का, काजव्याचा दिवा जवळजवळ गार असतो? जुना पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. काजवा तसलं वाया घालवत नाही. ही सगळी रोषणाई लग्नासाठी. नर उडता उडता ठरावीक ठेक्यात सिग्नल देतो, मादी बसल्या जागेवरून 'सीन' करते. अमेरिकेतल्या काही जातींच्या माद्या तर दुसऱ्याच जातीचा ठेका चोरतात, नराला जवळ बोलावतात आणि खाऊन टाकतात. कट्ट्यावरच्या ज्या मैत्रिणीचं सध्या ऑनलाइन स्थळं बघणं चाललंय, तिनं फोन हळूच पर्समध्ये टाकला.

त्याच रात्री, बरोबर बारा वाजता, काकांनी तंबूत बॉम्ब टाकला. आज एक जून. माहीत आहे का, आज दोन दिग्गजांचा वाढदिवस असतो? डेक्कन क्वीन धावू लागली १ जून १९३०ला. आणि आपली एसटी पहिल्यांदा निघाली १ जून १९४८ला, पुण्याहून अहमदनगरला. एक राणी, एक लालपरी, राशी एकच! राणीच्या डब्यात टेबलाशी बसून ऑम्लेट आणि चीज टोस्ट मिळतो, लालपरीला थांब्यावर वडा. दोघींचे भक्त कट्टर. डबल गुण.

जुलै म्हणजे नाणेघाट, आणि नखशिखांत पाऊस. इथं धबधबा खाली पडत नाही, वर उडतो! कड्यावरून कोसळणारं पाणी कोकणातून चढणारा वारा उचलतो आणि पुन्हा तुमच्याच तोंडावर मारतो. छत्री उघडलेल्या नवरोबांची छत्री आता बहुधा मुरबाडात असेल. पण खरी मजा घाटाच्या तोंडाशी. माहीत आहे का, तिथं एक भलामोठा दगडी रांजण आहे? या वाटेनं जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे, असं सांगतात. म्हणजे सातवाहनांचा फास्टॅग! शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात दानात दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे कोरलेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गणित नावडतं असलेली भाची लेण्याबाहेरच थांबली.

त्याच आठवड्यात बातमी आली होती. ११ जुलै २०२५, युनेस्कोच्या यादीत शिवरायांचे बारा किल्ले! कट्ट्यावरची एक उत्साहानं ओरडली, "बाराही महाराष्ट्रातले!" चूक. अकरा आपले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. चहा तिचा, भजी आनंदानं सगळ्यांची.

ऑगस्टअखेर गणपती, गाव रत्नागिरीजवळ, प्रवास कोकण रेल्वेचा. इथं काका सुटले ते सुटलेच. माहीत आहे का, २६ जानेवारी १९९८ला सुरू झालेल्या या मार्गावर नव्वदीच्या पुढे बोगदे आहेत? माहीत आहे का, पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, म्हणजे कुतुबमिनारहून थोडासाच ठेंगणा? माहीत आहे का, करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे? माहीत आहे का, आधी ट्रक रेल्वेवर चढवायचे, यंदा गणपतीत मोटारीही चढवल्या, कोलाडला चढा आणि वेर्ण्याला उतरा? भाचीनं शेवटी शिट्टी मारली. एका श्वासात एकच गुण, काकाआजोबा!

रत्नागिरीत मात्र मैदान मारलं आईनं. थिबा पॅलेस बघताना तिनं विचारलं, माहीत आहे का, इंग्रजांची एक्स्चेंज ऑफर? दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर, त्याला नेलं ब्रह्मदेशात, रंगूनला. तिथंच १८६२मध्ये तो गेला. पुढे १८८५मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा हरला, त्याला आणलं इकडे, रत्नागिरीला. १९१०मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला, १९१६मध्ये तोही इथंच गेला. इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे. त्या वऱ्हांड्यात उभं राहून समुद्राकडे बघताना आमची बडबडी टोळी दोन मिनिटं चक्क गप्प होती. रेकॉर्ड!

मग भाऊजींनी हेलियम काढला. "माहीत आहे का, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला?" या निकालाला अख्खी संध्याकाळ गेली, कारण मामला नाजूक. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण होतं, हे खरं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि त्या तारखेला तिथं हेलियम दिन साजरा होतो, हेही खरं. पण ग्रहणात सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास करणारा फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन तेव्हा होता आंध्रातल्या गुंटूरला. आणि ज्या लॉकियर साहेबाचं नाव विजयदुर्गाशी जोडतात, त्यांनी ती गाजलेली पिवळी रेघ पाहिली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातून! भाऊजींना अर्धा गुण आणि अर्धा कप. फुग्यातली हवा गेली.

सप्टेंबरात कास. फुलं फुल टू! पण सांभाळून, इथली काही फुलं मांसाहारी आहेत. माहीत आहे का, ती जांभळी, गोजिरवाणी 'सीतेची आसवं' कीटक खातात? जमिनीलगत तिच्या बारीक पिशव्या असतात. चिमुकला जीव धडकला रे धडकला की पापणी लवायच्या आत पिशवी त्याला पाण्यासकट ओढून घेते. शेजारी 'दवबिंदू' ही वनस्पती, तिचं दव म्हणजे चक्क गोंद. आणि पिवळी 'मिकी माऊस' दिसली की लहान मुलं आधी ओळखतात, मोठी माणसं पाटी शोधतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. आजी म्हणाली, "आमच्या ह्यांचं हसू तसंच." गुण दिला नाही, टाळी दिली.

दिवाळीत वेरूळ-अजिंठा. पोचलो मंगळवारी. दार बंद! माहीत आहे का, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी? आम्हाला माहीत नव्हतं. नियोजन माझं, त्यामुळे त्या दिवशीचा चहा, जेवण आणि टोमणे सगळं माझ्याकडे.

बुधवारी कैलास लेणं. सगळं जग पाया घालून वर जातं, हे देऊळ कळसाकडून खाली आलं! आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगर वरून खोदत आणला. काढून टाकलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा, असा अंदाज सांगतात. इथं खोडरबर नाही, अनडू नाही. आमच्या इंजिनिअर बाबांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ड्रॉइंग पक्कं असणार."

अजिंठ्याला तर एक ऐतिहासिक आगाऊपणा. एप्रिल १८१९मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. मग साहेबानं काय केलं? दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली! म्हणजे 'बंटी लव्हज बबली'चे मूळपुरुष. माहीत आहे का, ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर का दिसतं? साहेब ताडमाड होता म्हणून नाही. तेव्हा लेण्यात दगडमातीचा पुरुषभर ढिगारा होता आणि तो त्यावर उभा होता.

नोव्हेंबरात कोल्हापूर, एसटीनं. आणि एसटीत खरा न्याय बघायला मिळतो. आजी पंचाहत्तरीपुढची, तिकीट शून्य. आम्ही बायका, तिकीट हाफ. बाबा, काका, नवरोबा, तिकीट फुल्ल, चेहरे हाफ! अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव गाठला. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मावळत्या सूर्याची किरणं गाभाऱ्यात येतात. आधी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. हाच खेळ जानेवारीअखेर पुन्हा. घड्याळं येण्याआधी हे गणित बसवणाऱ्याला साष्टांग. ढग आडवे आले तर मात्र पुढच्या वेळी या. आम्ही नशीबवान, आणि त्या खुशीत तांबडा-पांढऱ्याच्या किती वाट्या झाल्या याची नोंद वहीत नाही.

डिसेंबर. फायनल. गोवा!

स्कोअर : काका सात, आजी सात. बक्षीस : परतीच्या मांडवी एक्स्प्रेसमध्ये मडगाव ते मुंबई खिडकी, अख्खा दिवस.

काकांनी ठेवणीतला बाण काढला. माहीत आहे का, भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६मध्ये, आणि तोही अपघातानं? निघाला होता एबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्याला उतरला आणि पुढे गेलाच नाही. गोव्याला आलेला माणूस परत जायचं नाव काढत नाही, इथं तर यंत्रही अडकलं! कडक गुण. काका आठ.

आजी बेबिंका चमच्यानं थराथरानं सोलत होती. एक थर भाजायचा, मग त्यावर दुसरा, असा सात थरांचा हा धीराचा केक. ती सावकाश म्हणाली, "माहीत आहे का, वडापावातून पोर्तुगीज काढले तर काय उरतं?"

सगळे थांबले.

"बटाटा त्यांनी आणला, शब्दही त्यांचाच. पाव त्यांचा. मिरची त्यांच्याच जहाजातून आली. उरलं बेसन!" एक गुण. बरोबरी. "आणि तुझी चावी, तुझा पगार, अननस, काजू, कोबी, सगळे शब्द तिकडचे. हापूससुद्धा कुठल्याशा आफोन्सोचा. आणि ज्याची सुट्टी घेऊन आलात ना, तो नाताळ? तोही त्यांचाच शब्द." भाचीनं वही मिटली. काकांनी स्वतःहून चहा सांगितला.

परतीला आजी खिडकीत विराजमान. कुडाळ गेलं, कणकवली गेली, पानवलचा पूल आला तेव्हा तिनं खाली दरीकडे असं बघितलं की आम्हाला मान उंचावूनही काही दिसेना. रत्नागिरीला चहा आला. गाडी हलली आणि आजीला अचानक माझा पुळका आला.

"ये गं, बस जरा तू खिडकीत. वर्षभर बिचारी चहाच पाजत आलीस."

मी भारावले. चक्क डोळ्यांत पाणी आलं. पटकन जागा बदलली, काच पुसली, फोनचा कॅमेरा सुरू केला. समोर काका छताकडे बघत मिशीत हसत होते. भोके स्टेशन मागे पडलं आणि बाहेर अंधार झाला.

करबुडे. साडेसहा किलोमीटर.